दोन लेकरांच्या आईचा दिवस आणि आपण सोडून दिलेली मागणी

७ फेब्रुवारी आली की गावोगावी माता रमाईची जयंती होते. मंडप पडतो, निळे झेंडे लागतात, वक्ते येतात. आम्हीही त्या वक्त्यांपैकीच. गोवऱ्या, उपास, ठिगळांचे लुगडे, चार लेकरांचे मरण, परदेशात शिकणाऱ्या नवऱ्याला काही न कळवता ओढलेला संसार, हे सगळे आम्ही डोळ्यांत पाणी आणून सांगतो आणि लोक डोळ्यांत पाणी आणून ऐकतात. असेच एकदा वाशिम जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यातल्या एका भीमनगरात भाषण संपवून खाली उतरलो. चहा घेत असताना एक ताई जवळ आली. कडेवर एक लेकरू, दुसरे पदराला धरून. म्हणाली, "भाऊ, रमाईनं किती सोसलं ते तुमी सांगतलं. पन आता आमीबी तसंच सोसाव असं म्हनता का?"

आम्ही गडबडलो. "नाही ताई, तसं नाही," एवढेच तोंडातून निघाले. तसे नाही, तर मग कसे? हे सांगता आले नाही, कारण आमच्या भाषणात ते नव्हतेच. या लेखात ते शोधायचा प्रयत्न आहे.

आधी त्या ताईचा दिवस. मोठी मुलगी चार वर्षांची, धाकटा सव्वा वर्षाचा. जमीन नाही. नवरा पुण्याकडे सेंट्रिंगच्या कामावर. दिवाळीला येतो, जयंतीला येतो, मधल्या काळात फोन येतो. सासू घरात आहे, पण तीही मजुरीलाच जाते. ताई पहाटे पाचला उठते. पहिले काम पाणी. पावसाळ्यात ठीक, पण फेब्रुवारीनंतर हापशीवर नंबर लावावा लागतो. डोक्यावर गुंड, कडेवर धाकटा, कारण तो उठला आणि आई दिसली नाही की सगळी वस्ती डोक्यावर घेतो. मग चूल. गॅसची शेगडी आहे, सिलिंडरही आहे, रिकामे आहे. भाकरी, चून, एखादी भाजी. मोठीची वेणी, धाकट्याचे ढुंगण धुणे, सासूचा डबा, स्वतःचा डबा. मजूर बायांची गाडी आठला चौकात येते. अंगणवाडी उघडते त्यानंतर. म्हणजे मोठीला अंगणवाडीत पोचवणे आईला शक्यच नाही. ती शेजारच्या म्हातारीच्या भरवशावर. धाकट्याला तर अंगणवाडीत जागाच नाही, तिथे तीन वर्षांच्या पुढची लेकरे बसतात. तीनच्या आतल्यांसाठी घरी न्यायची पाकिटे मिळतात. पाकीट लेकराला सांभाळत नाही, म्हणून धाकटा आईबरोबर वावरात.

वावरात बाभळीला जुन्या लुगड्याची झोळी बांधायची आणि त्याला टाकायचे. ऊन फिरले की झोळी फिरवायची. मुंगळे, गोमाशी, कधी साप. सोयाबीनची सोंगणी असेल तर काम रोजाने नसते, गुत्त्याने असते. एकराला अमुक पैसे, टोळीने ते सारखे वाटून घ्यायचे. अशा वेळी दूध पाजायला दहा मिनिटे बसलेल्या बाईकडे मालकाच्या आधी टोळीतल्याच बाया रागाने बघतात. तिच्या वाटचे तास त्यांना कापावे लागतात ना! त्यांचे चुकते असे आम्ही म्हणणार नाही. व्यवस्थाच अशी लावून दिली आहे, की एका मजूर बाईचे लेकरू दुसऱ्या मजूर बाईला ओझे वाटावे. संध्याकाळी सहाला घर, पुन्हा पाणी, पुन्हा चूल. मोठी दिवसभर काय खाल्ले ते सांगत नाही, नुसती बिलगून बसते. आम्ही ताईला विचारले, "तुमच्या स्वतःसाठी दिवसातला किती वेळ उरतो?" ती हसली. "आमचा कोन्ता दिवस, भाऊ? दिवस त लेकराइचा, रात मच्छराइची."

यात बातमी नाही, म्हणून हे पेपरात येत नाही. पण याच तालुक्यातून एक बातमी मात्र देशभर गेली होती. २०१६ चा दुष्काळ आठवा. कळंबेश्वर गावात एका दलित मजुराच्या बायकोला विहिरीवर पाणी भरू दिले नाही. नवऱ्याने तो अपमान मनावर घेतला आणि स्वतःच विहीर खोदायला सुरुवात केली. रोजच्या मजुरीच्या आधी काही तास, मजुरीवरून आल्यावर काही तास, असे चाळीस दिवस. लोक वेड्यात काढत होते. पंधरा फुटांवर पाणी लागले आणि सगळी वस्ती ते भरू लागली. पत्रकार आले, नट-पुढारी धावले, सत्कार झाले. त्या माणसाच्या जिद्दीला आमचा जयभीम आहेच. पण एक गोष्ट तेव्हाही खटकली होती आणि आजही खटकते. चाळीस दिवसांच्या खोदकामाची मोजदाद सगळ्यांनी केली. त्या दिवसाआधी वर्षानुवर्षे रोज दोन वेळा पाणी वाहणाऱ्या बाईच्या कामाची मोजदाद कोणी केली? पुरुष विहीर खोदतो तो पराक्रम ठरतो. बाई जन्मभर पाणी भरते, लेकरे वाढवते, तो तिचा धर्म.

'तिचा धर्म' हा शब्द आम्ही सहज वापरलेला नाही. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात हे स्पष्टच सांगितले आहे. मुलाला जन्म देणे, जन्मलेल्याला वाढवणे आणि रोजचा संसार चालवणे, या सगळ्याचे कारण म्हणजे स्त्री. राजा, समाज, मालक यांचा त्यात काही वाटा नाही. हे पुस्तक २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जाळले गेले, हे आपल्या प्रत्येक पोराला पाठ आहे. त्यानंतर सातच महिन्यांनी काय झाले, ते मात्र फार थोड्यांना माहीत आहे.

२८ जुलै १९२८. मुंबई विधिमंडळात रावबहादूर आसवले यांचे प्रसूती-साहाय्याचे विधेयक चर्चेला होते. गिरणी-कारखान्यांतल्या बायांना बाळंतपणाच्या आधी आणि नंतर काही आठवडे सुट्टी मिळावी आणि त्या सुट्टीचे पैसेही मिळावेत, एवढीच साधी मागणी. याआधी ना. म. जोशींनी मध्यवर्ती कायदेमंडळात असेच विधेयक आणून पाहिले होते, ते पडले. मुंबईतही विरोध मोठा होता. गिरण्यांवर बोजा पडेल, इथला धंदा दुसऱ्या प्रांतात जाईल, हे रडगाणे तेव्हाही होते. बाबासाहेब उभे राहिले आणि त्यांनी विधेयकाला पाठिंबा दिला. त्यांच्या म्हणण्याचा गाभा असा, की आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. लोकांचे कल्याण पाहणे हे मुळात सरकारचे काम, म्हणून या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलला पाहिजे. आणि मालक बाईच्या श्रमातून नफा काढतो, म्हणून तोही सुटत नाही.

मित्रांनो, जरा थांबून या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवा. डिसेंबरात ते पुस्तक जाळले, ज्यात लेकरू वाढवणे हे फक्त बाईच्या डोक्यावर टाकले होते. जुलैत कायदेमंडळात उभे राहून सांगितले, की हा भार सरकारचा आहे. ज्वाळांचे चित्र आपण भिंतीवर लावले. दुसऱ्या गोष्टीचे चित्र निघण्यासारखे नव्हते, म्हणून ती आपण विसरलो.

आणखी एक तारीख आहे. १९२६ च्या जुलैत राजरत्न गेला. बाबासाहेब-रमाईंनी गमावलेले ते चौथे लेकरू. त्या वेळी दत्तोबा पवारांना बाबासाहेबांनी लिहिलेले पत्र आजही वाचवत नाही; चार लेकरे पुरलेल्या बापाचे ते पत्र आहे. त्यानंतर दोनच वर्षांनी तो बाप विधिमंडळात आईच्या विसाव्याबद्दल बोलत होता. हा संबंध त्यांनी स्वतः जोडला असे आम्ही म्हणत नाही. पण परळच्या चाळीत काय घडत होते, याचा अंदाज आपल्याला नक्की आहे. बाबासाहेब लंडनला असताना त्या घरात रमाई होत्या, विधवा जाऊ लक्ष्मीबाई होत्या, यशवंत होता आणि पुतण्या मुकुंद होता. दोन बाया, दोन वाढती पोरे, आणि कमाईचा भरवसा नाही. त्या घराबाहेर पाऊल टाकले की गिरणगाव. आई गिरणीत गेली की तान्ह्या लेकराने रडू नये म्हणून त्याला अफूची बाळगोळी देत. १९२० च्या सुमारास डॉ. बार्न्स यांनी मुंबईच्या कामगार बायांची पाहणी केली, तेव्हा त्यांच्या शंभरातल्या अठ्ठ्याण्णव लेकरांना अफू दिली जात असल्याचे त्यांनी नोंदवले. ती आई क्रूर नव्हती, तिला दहा तास मशीनवर उभे राहायचे होते. आमच्या आजीच्या पिढीत वऱ्हाडातही निंदणाला जाताना लेकराला थोडी अफू चाटवत, हे आम्ही घरातच ऐकले आहे. आता अफू नाही, मोबाईल आहे. पण मोबाईलवरून आईला शहाणपण शिकवणाऱ्यांनी आधी ती दहा तास कुठे असते ते विचारावे.

ते विधेयक १९२९ मध्ये कायदा झाले. दिवसाला आठ आणे, मोजके आठवडे, आणि पैसे सगळे मालकाने द्यायचे. सरकारने भार उचलावा ही बाबासाहेबांची मुख्य गोष्ट त्यात आली नाही. पुढच्याच वर्षी आपल्या मध्य प्रांतानेही असा कायदा केला. बाबासाहेब १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाल्यावर खाणींतल्या बायांच्या प्रसूती-लाभाच्या कायद्यात दोनदा सुधारणा झाली आणि खाणींवर पाळणाघरांची तरतूद आली. याच काळात, युद्धाच्या नावाखाली, बायांना जमिनीखाली काम करण्यावरची बंदी १९४३ मध्ये उठवली गेली आणि ती १९४६ मध्ये परत लागू झाली, हेही लपवायचे कारण नाही. त्यावर विधिमंडळात टीका झाली, त्यांनी उत्तरे दिली. आपला इतिहास आहे, तो पूर्ण वाचावा.

गिरणी आली, खाण आली. वावर मात्र आले नाही. आमच्या ताईच्या आजीला ना आठ आणे मिळाले, ना पाळणाघर. मजूर वर्गातली सगळ्यात मोठी संख्या शेतावर होती आणि त्यात आपल्या जातीच्या बाया सगळ्यात जास्त होत्या. १९६१ च्या केंद्राच्या कायद्यातही कारखाने, खाणी, मळे, पुढे दहा-दहा माणसांची दुकाने आली. बाभळीखाली झोळी बांधणारी बाई त्यात बसली नाही, कारण तिला कायमचा मालकच नसतो. आज याच्या वावरात, उद्या त्याच्या.

आता लेकरांच्या संख्येबद्दल. 'दोन लेकरे' हा आकडा आपल्या गावात भिंतीवर लाल त्रिकोणाबरोबर आला, असे बहुतेकांना वाटते. खरे तर आपल्या चळवळीने हा विषय त्याच्या कितीतरी आधी काढला होता आणि वेगळ्या कारणासाठी काढला होता. १९३४ मध्ये र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य'वर खटला झाला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले. १० नोव्हेंबर १९३८ ला स्वतंत्र मजूर पक्षाचे प्र. ज. रोहम यांनी मुंबई विधानसभेत ठराव मांडला, की संततिनियमनाचा प्रचार आणि साधने लोकांपर्यंत सरकारने पोचवावीत. त्यांचे भाषण बाबासाहेबांनी तयार करून दिले होते. त्यातला एक मुद्दा आजच्या पुरुष कार्यकर्त्यांनी घरी जाऊन वाचावा. बाळंतपणात बाईला ज्या वेणा सोसाव्या लागतात, त्या पुरुषाला सोसाव्या लागल्या असत्या, तर जन्मात एकापेक्षा जास्त लेकराला तो तयार झाला नसता, असा त्याचा आशय होता. आईचे आरोग्य, बाईची इच्छा, गरिबाच्या घरातले घास, या कारणांसाठी ही मागणी होती. सभागृहाने ठराव मोठ्या बहुमताने फेटाळला. संस्कृती बुडेल म्हणणारे तेव्हाही बसलेलेच होते.

चार वर्षांनी नागपूर. २० जुलै १९४२ ला अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. अध्यक्ष होत्या आपल्या वऱ्हाडातल्या, अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. वीस-पंचवीस हजार बाया जमल्या होत्या. रेडिओ, मोबाईल, गाडीघोडा काही नसताना! त्यात नेत्यांच्या बायका किती आणि गिरणीत, विडीत, वावरात खपणाऱ्या किती, याचा विचार करा. त्या बायांनी काडीमोडाचा हक्क मागितला, नवऱ्याने दुसरी बायको करण्यावर बंदी मागितली, मुलींसाठी वसतिगृहे मागितली, बाया काम करतात तिथे देखरेखीलाही बाई असावी म्हणाल्या, कामगार बायांना भरपगारी रजा मागितली. बाबासाहेबांनी तिथे बायांना सांगितले, की लग्नाची घाई करू नका, फार लेकरे होऊ देऊ नका, नवऱ्याची मैत्रीण म्हणून बरोबरीने उभ्या राहा, गुलाम होऊ नका. आमचा मुद्दा एवढाच, की त्या परिषदेत कोणी बायांना 'सोसा' म्हटले नाही. त्या बाया मागणी घेऊन आल्या होत्या आणि मागणी करून गेल्या. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' लिहून या बायांना आपल्यासमोर उभे केले नसते, तर आपल्याला ही नावेसुद्धा कळली नसती.

मग पुढे काय बिघडले? भूमिहीनांच्या सत्याग्रहात दादासाहेब गायकवाडांच्या मागे आपल्या बाया कडेवर लेकरू घेऊन तुरुंगात गेल्या. चळवळीने त्यांना आंदोलनात नेले. पण त्यांच्या घरातल्या कामाला, त्यांच्या विसाव्याला चळवळीने मागणीपत्रकात जागा दिली नाही. जमीन मागितली, किमान वेतन मागितले, ते बरोबरच होते. वावरातल्या आईसाठी पाळणाघर कोणी मागितले? हळूहळू आईचा फोटो झाला, फोटोला हार झाला आणि हाराखाली भाषण झाले.

आपण मागणी सोडली, सरकारने मात्र 'दोन लेकरे' सोडली नाहीत. बाईला साधन आणि हक्क म्हणून जे हवे होते, ते सरकारने अट म्हणून उलटवले. महाराष्ट्रात १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झाले, तर ग्रामपंचायतीची उमेदवारी रद्द. एकीकडे ७३ व्या घटनादुरुस्तीने आपल्या बाईला सरपंचाची खुर्ची दिली, दुसरीकडे या नियमाने तीच खुर्ची काढून घ्यायची वाट मोकळी ठेवली. तिसरे लेकरू व्हावे की नाही, हे ज्या घरात तिला विचारलेच जात नाही, त्या घरातल्या निर्णयाची शिक्षा तिला! मुलगा पाहिजे म्हणून सासू-नवरा थांबत नाहीत आणि पद मात्र बाईचे जाते. १९३८ च्या ठरावाचा आधार घेऊन या नियमाचे समर्थन करणारे आपल्यातही भेटतात. त्यांनी तो ठराव वाचलेला नसतो. त्यात साधने द्या म्हटले होते, शिक्षा द्या म्हटले नव्हते.

आणि दोनावर थांबलेल्या आईला काय मिळते? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने सांगितले, की प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला किमान ६००० रुपये मिळतील. सरकारी नोकरीतल्या वगळून, सगळ्यांना. २०१७ मध्ये मातृवंदना योजना आली ती ५००० रुपयांची आणि फक्त पहिल्या लेकरासाठी. पुढे दुसरे लेकरू मुलगी असेल तर ६००० अशी भर घातली. आमच्या ताईची पहिली मुलगी आणि दुसरा मुलगा. म्हणजे धाकट्याच्या वेळी शून्य. त्याच २०१७ मध्ये संघटित क्षेत्रातल्या बायांची भरपगारी रजा पहिल्या दोन लेकरांसाठी २६ आठवडे झाली. ती झाली हे चांगलेच झाले. त्या बायांशी आमचे भांडण नाही. पण कार्यालयातल्या बाईला दुसऱ्या लेकरालाही सहा महिन्यांचा पगार आणि वावरातल्या बाईला दुसऱ्या लेकराला भोपळा, हा हिशेब कोणत्या समतेचा? तामिळनाडूत डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावाची योजना १९८७ पासून चालते. तिथे गरीब आईला पहिल्या दोन्ही बाळंतपणांना मदत मिळते आणि रोख व पोषण-साहित्य मिळून ती १८,००० रुपयांपर्यंत गेली आहे. तिथल्या द्रविड चळवळीने आईकडे मतदार म्हणून तरी पाहिले. लाडक्या बहिणीच्या १५०० रुपयांवर आपल्याकडे खूप बोलले गेले. ते पैसे ताईला मिळतात, ती घेते, घ्यावेतच. पण त्या पैशाने धाकटा बाभळीखालून घरात येत नाही.

काही मित्र म्हणतात, जात मोडण्याचा एवढा मोठा लढा समोर असताना पाळणाघराचे काय काढले? आम्ही उलट विचारतो. ही चार वर्षांची मुलगी दोन वर्षांनी शाळेत जाईल. धाकटा तेव्हाही लहानच असेल. त्याला सांभाळायला शाळेतून पहिली कोण सुटेल? वस्तीत जाऊन बघा, आठ-नऊ वर्षांच्या मुलीच्या कडेवर भावंड दिसेल. आपण 'शिका' म्हणतो आणि आपल्याच मुलीचा वर्ग भावाच्या झोळीपाशी सुटतो. फुले दांपत्याच्या, बाबासाहेबांच्या नावाने आपण ज्या शिक्षणाची शपथ घेतो, त्याची गळती इथून सुरू होते. आणि घरातला पुरुष? जयंतीच्या वर्गणीसाठी रात्रभर फिरणारा आमचा कार्यकर्ता स्वतःच्या लेकराचा लंगोट बदलत नाही, हे आम्हाला आमच्या स्वतःच्या घरातून माहीत आहे. त्याबद्दल मनुवाद्यांना दोष देता येत नाही.

मागायचे काय, तेही हवेतले नाही. २००५ च्या रोजगार हमी कायद्याच्या अनुसूचीतच लिहिले गेले, की कामावर बायांबरोबर सहा वर्षांच्या आतली पाच किंवा जास्त लेकरे असतील, तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमावी आणि तिला मजुरी द्यावी. आम्ही कितीतरी कामांवर गेलो. नेमलेली बाई क्वचितच दिसली. कर्नाटकाने २०२३ पासून ग्रामपंचायतीत 'कूसिन मने', म्हणजे लेकरांचे घर, सुरू केले. मजूर आयांची तीन वर्षांच्या आतली लेकरे तिथे राहतात आणि सांभाळणाऱ्या बायांना मजुरी मिळते. शेजारचे राज्य आहे, चंद्रावरचे नाही.

यंदा रमाई जयंतीला त्याच भीमनगरात भाषण ठेवले नाही. बाया बसल्या, गावात तीन वर्षांच्या आतली किती लेकरे वावरात जातात ते मोजले. सत्तावीस निघाली, त्यात बंजारा तांड्यावरची आणि मराठ्यांच्या मजूर घरांतलीही होती. तांड्यावरच्या बाया मोजणीला आपणहून आल्या. अंगणवाडीची वेळ मजुरीच्या गाडीच्या आधीची करावी, तीनच्या आतल्या लेकरांसाठी समाजमंदिरात पाळणाघर व्हावे आणि सांभाळणाऱ्या दोन बायांची मजुरी पंचायतीने द्यावी, असा अर्ज झाला. ताईने अंगठा नाही, सही केली. ग्रामसभेत अर्ज वाचला तेव्हा मागे बसलेले काही जण हसले. दप्तर सांभाळणाऱ्यांनी सांगितले, की अशी मागणी आजवर कोणी केली नाही, कोणत्या रकान्यात लिहावी ते बघावे लागेल. अर्जाची पोच मिळाली आहे. ती ताईच्या घरात रमाईच्या फोटोमागे खोचून ठेवली आहे. पुढची ग्रामसभा १ मे ला आहे, त्या दिवशी आम्ही तिथे असू.